बाराबंदीचा पन्हा

इंदूरच्या बहुतेक जुन्या मराठी घरांत एखादी लाकडी पेटी असते, आणि तिच्यात काय आहे याविषयी घरातील दोन माणसांचे एकमत नसते. आमच्या घरच्या अशाच पेटीतून काही वर्षांपूर्वी एक पांढरी सुती बाराबंदी निघाली. ती पणजोबांची की त्यांच्या धाकट्या बंधूंची, हा वाद अजून मिटलेला नाही आणि मिटण्याचा संभवही नाही, कारण साक्ष देणारे कोणी उरलेले नाही. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे वस्तू समोर आली की आधी मोजमाप आणि मग मत, अशी आमची सवय झालेली आहे. तेव्हा आम्ही मोजपट्टी घेऊन बसलो.

पाठीचा भाग एकवीस इंच रुंद निघाला. त्याच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंना कापडाची मूळ कड शाबूत होती. धोटा जिथून मागे फिरतो आणि म्हणून जी कधी उसवत नाही, ती विणीची कड. म्हणजे हे कापड मागावर एकवीस इंच पन्ह्याचेच विणलेले होते आणि पाठ म्हणून ते जसेच्या तसे वापरले होते. पुढचा वरचा पाखा असाच अखंड पन्ह्याचा, आतला पाखा निम्म्या पन्ह्याचा. बाही पाहिली तर तोच एकवीस इंचांचा तुकडा लांबीत दुमडलेला. खांद्यापाशी साडेदहा इंच आणि मनगटाकडे निमुळता. निमुळता करताना जे तिरके तुकडे सुटले, ते बगलेत गेले होते. कमरेखालच्या कळ्या एका लांबट चौकोनाला कर्णावर कापून काढलेल्या होत्या. एका कापात दोन कळ्या, आणि चिंधी एकही नाही. शिलाई सगळी हाताची. जेथे विणीची कड होती तेथे नुसता धावदोरा घातलेला. जेथे कात्री चालली होती तेथे मात्र कापड आत दुमडून दुहेरी टाका. बंद आठच आहेत. नावाप्रमाणे बारा असायला हवेत म्हणून आम्ही उरलेल्या चारांच्या खुणा शोधल्या. तेथे टाक्याचे भोकदेखील नाही. शिंप्याने आठांवरच भागवले असावे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, एवढे मोजून झाल्यावर आम्हाला जो प्रश्न पडला त्याचे उत्तर आमच्या कपाटातील वेषभूषेवरच्या पुस्तकांत मिळेना. प्रश्न साधा होता. हा सदरा असा का बेतला आहे? या टिपणात त्या पुस्तकांचा, आणि शेवटी ज्या एका लहानशा पुस्तकाने उत्तर दिले त्याचा, विचार करायचा आहे.

प्रथम गो. स. घुर्ये. मालवणसारख्या लहान गावातून जाऊन मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची परंपरा उभी करणाऱ्या या विद्वानाने १९५१ साली ‘इंडियन कॉस्च्यूम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शिल्पे, चित्रे आणि ग्रंथांतील उल्लेख यांच्या आधाराने भारतीय माणूस कोणत्या काळी, कोणत्या प्रांतात काय ल्यायला याचा असा विस्तृत आढावा एका मराठी माणसाने घेतला याचा आम्हाला अभिमान आहे. पण शिल्पावरून वेष वाचायचा म्हणजे त्याची बाह्यरेषा वाचायची. दगडातल्या अंगरख्याला शिवण नसते, आणि असली तरी ती शिल्पकाराच्या सोयीने असते. घुर्यांना अंगरखा दिसतो. तो किती लांब, बाही कुठवर, गाठ डावीकडे की उजवीकडे, हे दिसते. कापड दिसत नाही. हा त्यांच्या साधनांचा दोष आहे, दृष्टीचा नव्हे, असे आम्ही पूर्वी मानत होतो. आता तसे मानत नाही. त्यांच्या काळी मुंबईतच शिवलेले जुने कपडे घराघरांतून मिळत होते. एखादी बंडी उसवून पाहण्यासारखी होती.

डॉ. मोतीचंद्र यांचे हिंदीतील ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ हे पुस्तक जवळपास त्याच सुमाराचे. त्यात वस्त्रांच्या नावांचा संग्रह अधिक आहे आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात प्रत्यक्ष वस्तू हाताळणाऱ्या माणसाचा हात जाणवतो. तरीही नाव आणि घाट यांची गाठ तेथे क्वचितच पडते. ती गाठ आम्हाला सापडली वासुदेवशरण अग्रवाल यांच्या ‘हर्षचरित : एक सांस्कृतिक अध्ययन’ या १९५३ च्या ग्रंथात. बाणभट्टाने राजांच्या मेळाव्याचे वर्णन करताना चार प्रकारचे अंगरखे सांगितले आहेत : कंचुक, वारबाण, चीनचोलक आणि कूर्पासक. आपण संस्कृतच्या तासाला हे चारही शब्द ‘एक प्रकारचा अंगरखा’ एवढ्या अर्थावर पार केले होते. अग्रवालांनी मात्र प्रत्येक शब्द धरून ठेवला. वारबाण हा इराणकडून आलेला लांब कोटासारखा वेष, आणि तो ज्या ‘स्तवरक’ नावाच्या कापडाचा होता ते नावही इराणी. चीनचोलक हा मध्य आशियातून आलेला. कूर्पासक आखूड बाहीचा. सातव्या शतकातील कनोजच्या दरबारात तीन-चार देशांचे सदरे एकत्र जमले होते, आणि प्रत्येक सदरा आपले कापड घेऊन आला होता, ही गोष्ट अग्रवालांच्या विवेचनामुळे लख्ख दिसते. ‘कूर्पर’ म्हणजे कोपर. कूर्पासक या शब्दात आम्हाला तरी आपल्या कष्टकऱ्यांच्या अंगातील कोपरी ऐकू येते. भाषाशास्त्रज्ञांनी यावर आम्हाला दटावले तर आम्ही ऐकून घेऊ.

पण अग्रवालांपाशीही पन्हा नाही, आणि तो असणार कसा? बाणाने तो सांगितलेला नाही.

पन्ह्याची नोंद ज्या ग्रंथात आहे तो, खेदाने सांगावे लागते, आपल्या भल्यासाठी झालेला नव्हता. लंडनच्या इंडिया ऑफिसमधील जॉन फोर्ब्स वॉटसन याने १८६६ साली हिंदुस्थानातील कापडांचे नमुने कापून अठरा खंडांत डकवले. नमुने सातशे, अशा वीस प्रती, त्यांतल्या तेरा ब्रिटनमध्ये आणि सात हिंदुस्थानात ठेवण्यात आल्या. नमुन्यासोबत मूळ कापडाची लांबी, पन्हा, वजन अशी माहिती दिलेली होती. हेतू उघड होता : मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना इथल्या गिऱ्हाइकाला काय चालते ते कळावे. मात्र याच कामासाठी त्याने जे वर्गीकरण केले ते आजही उपयोगाचे आहे. मागावरून उतरल्याबरोबर नेसता-गुंडाळता येते ते वस्त्र वेगळे, म्हणजे पागोटे, धोतर, लुगडे, शेला. आणि कापून-शिवून घालावे लागते ते थानाचे कापड वेगळे. आमच्या विद्वानांनी शिल्पे पाहिली, कविता पाहिली. हा गृहस्थ मात्र कापडाची कड पाहत बसला, कारण त्याच्यामागे व्यापार उभा होता. ज्याला एखादी वस्तू हिरावून घ्यायची असते तो तिचे माप अधिक काळजीने घेतो की काय, असे मनात येऊन जाते.

आता ते लहान पुस्तक. डोरोथी बर्नहॅम या कॅनडातील टोरोंटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियममध्ये वस्त्रविभागात काम करीत. हातमागाचे त्यांना प्रत्यक्ष ज्ञान होते. १९७३ साली म्युझियमने त्यांचे ‘कट माय कोट’ प्रसिद्ध केले. पाने चाळीसदेखील नाहीत. त्यातही मजकुरापेक्षा आकृत्या जास्त. शीर्षक एका जुन्या इंग्रजी म्हणीवरून घेतले आहे, जिचा आशय असा की कापड असेल तसा अंगरखा बेतावा. आपण अशा वेळी अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतो. आपली म्हण पायाला आवरते, त्यांची कात्रीला.

बर्नहॅम यांचे म्हणणे थोडक्यात असे. पारंपरिक कपड्याचा घाट माणसाच्या शरीरावरून किंवा आवडीनिवडीवरून जेवढा ठरतो, त्याहून अधिक तो ज्या वस्तूचा केलेला असतो तिच्यावरून ठरतो. कातडे वापरणाऱ्यांचा अंगरखा कातड्याच्या आकाराने बेतला जातो, आणि विणणाऱ्यांचा मागाच्या पन्ह्याने. विणलेले कापड सरळ रेषेचे, चौकोनी, आणि फार कष्टाने झालेले. म्हणून ते सरळ रेषेत कापावे, कमीत कमी कापावे, आणि कापलेले वाया घालवू नये. प्रत्येक कपड्याशेजारी त्यांनी तो मूळ कापडातून कसा कापला याची आकृती दिली आहे. त्या आकृत्या पाहताना आमच्या बाराबंदीची बाही, बगलेतला तुकडा आणि कर्णावर कापलेल्या कळ्या यांचा उलगडा झाला. दुरून कोणी आपल्या पेटीत डोकावून गेल्यासारखे वाटले.

या दृष्टीने जगातील अंगरख्यांकडे पाहिले म्हणजे त्यांच्यातील नाती वेगळीच जुळतात. इजिप्तमधील तारखान येथे मिळालेला जवसाच्या धाग्याचा सदरा हा आज माहीत असलेल्या विणलेल्या कपड्यांत सर्वांत जुना मानला जातो. फ्लिंडर्स पेट्री यांनी १९१३ मध्ये तेथे उत्खनन केले. हा सदरा मात्र मळक्या चिंध्यांच्या गाठोड्यात पडून राहिला आणि १९७७ साली ते गाठोडे स्वच्छ करताना हाती लागला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्बन-परीक्षणाने त्याचा काळ इसवी सनापूर्वी ३४८२ ते ३१०२ असा ठरला. त्याच्या बाह्यांना बारीक चुण्या आहेत आणि कोपरापाशी व काखेत वापराच्या वळ्या आहेत. म्हणजे कोणीतरी तो अंगात घातलेला होता. पाच हजार वर्षांपूर्वीच्या काखेची घडी आम्हाला कोणत्याही शिलालेखाइतकीच बोलकी वाटते.

पुढे त्याच देशात, रोमन अमलाच्या उत्तरकाळात, बाह्यांसकट अख्खा अंगरखा मागावर एका तुकड्यात विणून काढीत. जवसाच्या कापडात रंगीत लोकरीचे पट्टे विणत, आणि मग तो दुमडून नुसत्या बाजू शिवत. तेथे घाट मागावरच ठरे, शिंप्याला काम जवळजवळ उरत नसे. दक्षिण अमेरिकेतील इंका लोकांचा बिनबाह्यांचा ‘उंकू’ कापूस आणि लामाच्या जातीच्या प्राण्यांची लोकर यांचा. त्यात कात्री अजिबात नाही, मान जाण्याची फटदेखील विणतानाच ठेवलेली. ग्वाटेमालातील माया स्त्रिया कमरेला पट्टा बांधून मागावर बसतात. त्यांच्या मागाचा पन्हा हातांच्या पोचेइतकाच, म्हणून त्यांचा ‘ह्विपील’ दोन-तीन पट्टे जोडून होतो. जपानी किमोनोचे कापड सुमारे चौदा-पंधरा इंच पन्ह्याचे आणि बारा मीटरच्या आसपास लांब. त्या एका ताग्यात तो सरळ कापांनी पुरा होतो, आणि उसवला की पुन्हा तागा जोडता येतो. भाषा, धर्म, हवामान यांत काही साम्य नसलेल्या या माणसांनी कात्री धरताना सारखाच हात आखडता घेतला, याचे कारण मागावर बसल्यावर कळते. आम्ही महेश्वरला एकदा हौसेने अर्धा तास बसलो होतो. चार बोटे कापड झाले, आणि तेही नंतर उसवावे लागले.

पन्हा मर्यादित का, हेही त्याच अर्ध्या तासात समजले. धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलायचा, तर कापड दोन हातांच्या पोचेपलीकडे रुंद होऊ शकत नाही. इंग्लंडात जॉन केने १७३३ साली दोरीच्या झटक्याने धावणारा धोटा काढला, तेव्हा ही मर्यादा सुटली. पुढे यंत्रमाग आले, गिरण्या आल्या आणि रुंद पन्ह्याचे स्वस्त कापड आले. आपल्या इंदूरने हा सारा इतिहास अंगावर झेललेला आहे. मालवा मिल, हुकुमचंद मिल, कल्याणमल मिल ही नावे अजून वस्त्यांना आणि चौकांना चिकटलेली आहेत. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांची देणी चुकती व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. गिरणीच्या रुंद आणि स्वस्त कापडाने शिंप्याला मोकळीक दिली. खांदा उतरता कापता येऊ लागला, काखेचा गोलवा काढता येऊ लागला, चिंध्या पडल्या तरी कोणी हळहळेना. सदरा अंगाबरोबर बसू लागला आणि बगलेतला तो चौकोनी तुकडा, ज्याला इकडचे जुने शिंपी चौबगला म्हणत, नाहीसा झाला.

बर्नहॅम यांचा सिद्धांत येथवर पटतो. पुढे मात्र आमचे त्यांच्याशी जमत नाही, आणि ते मतभेद आपल्याच प्रांतातील वस्तूंमुळे उद्भवतात.

पहिली वस्तू दरबारी अंगरखा आणि घेरदार जामा. अंगरख्याच्या छातीवरचा गोल कटाव घ्या. तो काटकसरीने होत नाही. गोल कापला की चिंधी पडतेच. जाम्याच्या घेरात कळ्यांवर कळ्या घालायच्या, त्या अंग झाकण्यासाठी खचित नव्हेत. जेथे मलमल विपुल होती आणि शिंपी पगारी होता, तेथे नियम उलटा झाला : कापड किती उधळता येते हे दाखवणे हाच घाटाचा हेतू ठरला. मराठेशाहीत अधिकार देण्याला ‘वस्त्रे देणे’ म्हणत. पेशवाईची वस्त्रे मिळाली म्हणजे पेशवाई मिळाली. (आम्हाला नोकरीत वस्त्रे कधी मिळाली नाहीत, फक्त आदेश मिळाले.) जेथे कापड हाच अधिकार होता, तेथे ते अंगभर पसरून दाखवणे क्रमप्राप्त होते. काटकसरीच्या सूत्राने शेतकऱ्याची पैरण आणि कारकुनाची बाराबंदी समजते. सरदाराचा जामा समजत नाही.

दुसरी वस्तू मश्रू. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, आणि वीण अशी की रेशीम सगळे वर तरंगावे व सूत आत राहावे. निव्वळ रेशीम पुरुषाच्या अंगाला लागू नये असा मुसलमानी धर्मशास्त्राचा दंडक. तो पाळूनही रेशमाची झळाळी मिरवता यावी म्हणून विणकराने काढलेला हा तोडगा. औरंगाबादचा हिमरू याच कुळातला, सूत आणि रेशीम एकत्र नांदवणारा. येथे घाट पन्ह्याने ठरलेला नसून कापडच माणसाच्या कातडीचा आणि त्याच्या श्रद्धेचा विचार करून ठरलेले आहे. बर्नहॅम यांच्या आकृत्यांत कापडाला लांबी-रुंदी आहे, पण आतली बाजू आणि बाहेरची बाजू नाही.

तिसरी वस्तू त्याहून घरगुती आहे, आणि ती कोणत्याच ग्रंथात सापडली नाही : तान्ह्या मुलाचे झबले. नव्या कापडाचे झबले आमच्या घरांतून पूर्वी शिवत नसत. आजीचे धुऊन धुऊन मऊ पडलेले लुगडे काढायचे, त्यातला विरलेला भाग टाळायचा, आणि काठ वगळून मधल्या भागाचे झबले, काठाची दुपटी. हे बेतणाऱ्या बायकांना ‘सिद्धांत’ शब्दाशी कर्तव्य नव्हते. कोणते कापड किती धुण्यांनंतर कोवळ्या कातडीला सोसेल हे त्यांना बोटांनी कळत असे. ज्ञानाचा हा प्रकार घुर्यांच्या किंवा मोतीचंद्रांच्या पुस्तकात आला नाही याचे आम्हाला नवल वाटत नाही. ही पुरुषांची पुस्तके आहेत, आणि झबली त्यांच्या देखत शिवली गेली असली तरी त्यांनी पाहिली नसावीत. हे लिहिणाऱ्यानेही साठी उलटेपर्यंत पाहिली नव्हती.

वेष बाहेरून पाहण्याची ही खोड विद्वानांपुरती नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांची दोन प्रसिद्ध तैलचित्रे बर्नार बूते द मोनव्हेल या फ्रेंच चित्रकाराने काढली. १९२९ मधले विलायती संध्यावेषातले, आणि त्यानंतर चार-पाच वर्षांनी काढलेले मराठा वेषातले. दुसऱ्या चित्रात पांढऱ्यावर पांढरे असे वस्त्र आहे, आणि चित्रकाराने त्या पांढऱ्यातील छटांवर जीव ओतला आहे. पण या चित्राविषयी जे जे वाचायला मिळाले त्यात गळ्यातील हिऱ्यांची चर्चा पानभर आणि अंगरख्याविषयी एक विशेषण. आपल्याकडच्या लग्नसमारंभांतून आणि ऐतिहासिक नाटकांतून ‘पेशवाई’ वेष म्हणून जे दिसते त्याची कथा तीच. पगडीचा घाट बरोबर, अंगरख्याचे बंद बरोबर, आणि कापड चकचकीत कृत्रिम रेशमाचे, जे अंगावर पडत नाही, ताठ उभे राहते. मलमलीच्या अंगरख्याला हातांच्या हालचालींबरोबर चुण्या पडतात. या अंगरख्यात नट हात हलवतो आणि बाही आपल्या जागी तशीच राहते. प्रेक्षकाला काहीतरी खोटे वाटते, पण काय ते सांगता येत नाही.

याउलट सोलापूरला मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज वाहणारे भक्त पांढरी बाराबंदी घालून निघतात. तेथे बाराबंदी हा नाटकी वेष नाही. ध्वज पेलायचा, तोल सांभाळायचा, तर बगल मोकळी असणारा आणि अंगाला बंदांनी आवळता येणारा सदरा लागतो. ज्या कामासाठी घाट जन्माला आला ते काम चालू राहिले, म्हणून घाट राहिला.

आता आपल्या दाराशी येतो. महेश्वरचा माग अहिल्याबाईंच्या आश्रयाने वाढला हे आपल्या घराघरांतून सांगितले जाते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस, तो क्षीण झालेला असताना, रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ संस्था काढून त्याला, विशेषतः विणकर स्त्रियांना, पुन्हा उभे केले. सॅली होळकरांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. हे सगळे लुगड्यापासून सुरू झाले. नर्मदेच्या घाटावरील दगडी नक्षीशी नाते सांगणारे काठ, दोन्ही बाजूंनी नेसता येईल अशी किनार, रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा असलेले नीमरेशमी अंग. आमच्या आई-मावश्यांना यातील प्रत्येक शब्द ठाऊक होता. पण लुगडी नेसणाऱ्या कमी झाल्या, आणि गेल्या काही दशकांत महेश्वरचे माग ओढण्या, उपरणी आणि कुडत्यांसाठीचे थानाचे कापडही विणू लागले. फोर्ब्स वॉटसनच्या भाषेत सांगायचे तर, ज्या मागांची ख्याती पहिल्या प्रकारच्या वस्त्रासाठी होती ते दुसऱ्या प्रकाराकडे झुकले.

यात वाईट काही नाही. विणकराला पोट आहे. आमची तक्रार पुढच्या टप्प्याविषयी आहे. लुगडे न कापता नेसले जाते, त्यामुळे त्याच्या दोन्ही कडा आयुष्यभर त्याच्याबरोबर राहतात. मागावर कापड ताणून धरणाऱ्या काठीच्या टोकांना बारीक सुया असतात. त्यांची भोके कडेलगत ओळीने दिसतात. सूत तुटून सांधल्याची खूण, धोटा परतताना किंचित आत ओढली गेलेली रेघ, हे सारे तेथेच असते. जुन्या बाराबंदीतही कड टिकली, कारण शिंप्याने पन्हा मोडला नव्हता. आजचा कुडता आजच्या बेताने कापतात, अंगाबरोबर, गोलवे काढून, आणि कडा सर्वप्रथम कापून टाकतात. शिंप्याच्या टोपलीत जे पडते ते विणकराचे हस्ताक्षर असते. उरलेल्या कापडावर हा माल हातमागाचा की यंत्रमागाचा हे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

मागे शहरातील एका प्रदर्शनात आम्ही महेश्वरी म्हणून कुडता घेतला. घरी आल्यावर शिवणीतून चार धागे काढून जाळले. सुताची राख होते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो. आमच्या धाग्यांचा वितळून काळा टणक मणी झाला. विकणाऱ्याचे नाव येथे लिहिण्यात अर्थ नाही; त्यालाही कदाचित कोणी तसेच विकले असेल. हातमागासाठी काही वस्त्रप्रकार राखून ठेवणारा कायदा १९८५ सालचा आहे. राखीव प्रकार आरंभी बावीस होते, आता अकरा आहेत. २००६ मध्ये हातमागाचे अधिकृत चिन्हही निघाले. शासनाच्या या उपायांविषयी आम्ही उणा शब्द काढणार नाही. असे कायदे अमलात आणणे किती अवघड असते हे या खुर्चीवर बसलेल्यालाच कळते. एवढेच म्हणू की चिन्हाची चिठ्ठी कपड्याला नंतर लावली जाते आणि तितक्याच सहज निघते. २०१९-२० च्या गणनेनुसार देशात हातमागावर व त्याच्या अनुषंगिक कामांवर पस्तीस लाखांहून अधिक माणसे आहेत, त्यांत सुमारे बहात्तर टक्के स्त्रिया. त्यांच्या हाताची खूण ज्या कडेवर असते ती कड कपड्यात राहील असा बेत जुन्या शिंप्याला सहज जमत होता. तो बेत पुन्हा करता येईल. पाठ अखंड पन्ह्याची, बाही सरळ, बगलेत चौबगला, बाजूंना कळ्या : अशा कुडत्याला कापड जास्त लागत नाही, उलट कमी लागते. तो अंगाला घट्ट बसत नाही हे खरे. माळव्यातील उन्हाळ्यात तो तसा बसावा ही अपेक्षाही बरी नव्हे.

बर्नहॅम यांच्या पुस्तकाविषयी आमचे मत म्हणून असे झाले आहे : सरदाराचा जामा, मश्रूची आतली बाजू आणि आजीच्या लुगड्याचे झबले यांच्यापाशी ते थांबते, पण कापडाकडे आधी पाहा, सदऱ्याकडे नंतर, हा जो क्रम त्यांनी घालून दिला तो आपल्याकडील मोठमोठ्या ग्रंथांना साधलेला नाही. मराठीत त्याचा अनुवाद व्हावा असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आकृत्या त्यांच्या कपड्यांच्या आहेत. आपल्या पेट्यांतील कपड्यांच्या आकृत्या आपणच काढायला हव्यात. आपल्या सभासदांच्या घरी निदान पाचपन्नास जुने अंगरखे, बंड्या, कोपऱ्या, परकर-पोलकी असतील. प्रत्येकाचा पन्हा, कडा, कळ्या, बाहीचा काप आणि ओळखता आला तर धागा, एवढे एका कागदावर उतरले तरी इंदूरच्या मराठी घरांचा जो वस्त्रेतिहास कोणी लिहिलेला नाही त्याचे साहित्य गोळा होईल. कपडे धुवायच्या आणि इस्त्रीच्या आधी मोजावेत. आमच्याकडे उत्साहाच्या भरात क्रम उलटा झाला आणि एक बंद निखळला.

ती बाराबंदी आम्ही मागच्या हिवाळ्यात महेश्वरला नेली होती. ओळखीच्या एका वृद्ध विणकरांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा काढला, कापड उजेडाकडे धरले, नखाने धागे मोजले आणि हे इथले नव्हे, असे सांगून टाकले. इथले सूत याहून बारीक, हे कुठल्यातरी खेड्यातल्या मागाचे. आम्ही थोडे हिरमुसलो. मग त्यांनी पाठीचा भाग पालथा केला, कड अंगठ्याखाली धरून हाताचे कोपर एका कडेला टेकवले आणि पंजा पसरला. मधल्या बोटाच्या पुढे कापड उरले, त्यावर दुसऱ्या हाताची चार बोटे आडवी ठेवली, आणि कड बरोबर तेथे संपली. आम्ही मोजपट्टीने एकवीस इंच लिहून ठेवले होते. त्यांनी मुलाला सांगितले : एक हात चार बोटे.